नसलेल्या अंगठ्याचा ठणका

मी तत्त्वज्ञान वाचतो हे कळलं की लोक हमखास विचारतात, "मन म्हणजे शेवटी मेंदूच ना?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

माझ्या वडिलांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. महिन्याभराने एका रात्री त्यांनी मला उठवलं. "अंगठा ठणकतोय रे. आखडल्यासारखा झालाय." नजर नकळत चादरीच्या सपाट भागाकडे गेली. म्हटलं, "बाबा, पाय नाहीये तिथे." ते म्हणाले, "ते मला माहीत आहे. दुखतंय ते सांगतोय."

पाय गेला तरी मेंदूतला पायाचा नकाशा पुसला जात नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. ते मला पटलंही. पण त्या रात्रीपासून हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला राहिला नाही.

मन आणि शरीर ही दोन स्वतंत्र द्रव्यं, शरीर जागा व्यापतं, मन व्यापत नाही, असं फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1641 मध्ये 'मेडिटेशन्स' या पुस्तकात मांडलं. त्याच पुस्तकात हात-पाय कापलेल्यांना तिथेच दुखतं याची नोंद आहे, आणि नावेत नावाडी बसावा तसा मी शरीरात बसलेलो नाही हेही आहे. नावेला भोक पडलं तर नावाडी ते बघतो, त्याला दुखत नाही. 1643 मध्ये बोहेमियाच्या एलिझाबेथ या चोवीस वर्षांच्या राजकन्येने त्याला पत्रातून विचारलं: ज्या मनाला आकार नाही, स्पर्श नाही, ते शरीराला हलवतं कसं? देकार्तच्या उत्तराने तिचं समाधान झालं नाही. माझंही होत नाही. भूल दिली की मन कुठे जातं हे ज्याने जवळून पाहिलंय, त्याला वेगळ्या द्रव्यावर विश्वास ठेवणं जड जातं.

आपल्याकडच्या सांख्य दर्शनकारांनी रेघ दुसरीकडेच ओढली. मन, बुद्धी, अहंकार हे सगळं प्रकृतीतच, म्हणजे जड सृष्टीतच; वेगळा फक्त पाहणारा पुरुष, म्हणजे शुद्ध जाणीव. ही मांडणी मला फार आवडते. पण पुरुष-प्रकृतीचं नातं सांगताना तेही पांगळ्याला (पाहतो पण चालत नाही तो पुरुष) आंधळ्याच्या (चालते पण पाहत नाही ती प्रकृती) खांद्यावर बसवतात. पांगळ्याने वाट सांगायची तर आंधळ्याला ती ऐकू यायला हवी. म्हणजे एलिझाबेथचा प्रश्न तिथेही उभाच.

मग मेंदूच का? मन मेंदूवाचून नाही, इथवर मी तुमच्याबरोबर आहे. पण बाबांच्या मेंदूतली प्रत्येक पेशी काय करतेय हे मला उद्या कळलं, तर ते "ठणकतंय" का म्हणाले ते कळेल. तो ठणका त्यांना जाणवतोच का, हे त्या वर्णनात मला कुठे सापडत नाही. "मेंदूच" म्हणताना या "च"वर माझं अडतं.

पुढे फिजिओथेरपिस्टने आरसा आणला. मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांनी 1990च्या दशकात सुरू केलेला हा उपाय, काहींना लागू पडतो, काहींना नाही. डाव्या पायाचं प्रतिबिंब उजव्या पायाच्या जागी दिसेल असा आरसा लावला. तो आरसा आहे हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी डाव्या पायाचा अंगठा हळूहळू सरळ केला, आरशात बघत राहिले.

"सुटला," ते म्हणाले. "आखडलेला होता, तो सुटला."