पाऊण गोळी

गुरुवार, रात्री साडेअकरा

आई अजून जागीच आहे. तिसरी रात्र. मघाशी पाणी द्यायला गेले तर तांब्या तिच्या हातात धरवेना, पदर घामाने भिजलेला. एवढ्या उकाड्यात पंखा बंद करायला लावला, त्याचा आवाज सहन होत नाही म्हणते.

सोमवारी मेडिकलमधून ती रिकाम्या हाताने आली. "मावशी, नवीन चिठ्ठी आणा, आता वरून फार कडक झालंय," एवढंच त्यांनी सांगितलं. डब्यातली शेवटची गोळी तिने त्या रात्री घेतली. मीही म्हणाले, झोपेचीच तर गोळी आहे, चार दिवस नाही घेतली तर काय बिघडतं? हे मी म्हणाले होते, म्हणून लिहून ठेवतेय.

पुण्यातल्या मामेबहिणीने एका डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, ही गोळी फोनवरून लिहून देता येत नाही. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोनवरून उपचार करण्याचे नियम आले, त्यात एनडीपीएस कायद्याखालची, म्हणजे अमली आणि मनावर परिणाम करणारी औषधं फोनवर लिहून द्यायला मनाई आहे आणि अल्प्राझोलम त्यातच येते. पण फोन ठेवण्याआधी ते म्हणाले, "उद्याच्या उद्या प्रत्यक्ष दाखवा, थांबू नका." त्यांच्या आवाजातली घाई ऐकून पोटात गोळा आला.

देगलुरात मानसोपचाराचे डॉक्टर माझ्या माहितीत नाहीत. पहाटेच्या एसटीने नांदेड.

सोमवार, रात्री दहा

अकरा दिवसांनी लिहितेय. आई झोपली आहे.

नांदेडच्या डॉक्टरांनी तिच्या हातातला कागद घेतला आणि उजेडात धरून बराच वेळ पाहिला. बाबा गेले त्या वर्षीची, २०१३ ची चिठ्ठी. घड्यांवर फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. अर्धा मिलिग्रॅमची एक गोळी, रात्री झोपताना, पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांची बारा वर्षं झाली. डॉक्टरांनी 'पुन्हा द्या' असं लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आई तो कागद देवघरातल्या डबीत ठेवायची.

"एकदम बंद कशी केली?" त्यांनी विचारलं. मग समजावून सांगितलं. या गोळीने मेंदूतला ब्रेक जास्त दाबला जातो, आणि वर्षानुवर्षं तसं झालं की मेंदू स्वतःचा ब्रेक लावायला विसरतो. गोळी अचानक काढली की गाडी उताराला लागते. घाम, थरथर, जीव घाबरणं, आणि काहींना चक्क फिट येते. फिटीने माणूस दगावूही शकतो. आईकडे वळून म्हणाले, "मावशी, हे व्यसन नाही. तुम्ही सांगितलं तसंच औषध घेतलंत, शरीराला सवय लागली." आई त्या वाक्यावर रडली. इतके दिवस ती काय मनात घेऊन बसली होती, ते मला तेव्हा दिसलं.

कारण त्या पहिल्या सोमवारी मेडिकलवाल्यांनी आणखी एक गोष्ट बोलून दाखवली होती, ती आईने मला एसटीत सांगितली. पुढच्या वेळी वहीत तुमचं नाव लिहावं लागेल, असं ते म्हणाले. "माझं नाव कशाला गं? मी काय चोरी केली?"

ती वही शेड्यूल एच-वनची, म्हणजे ज्यांच्या विक्रीची नोंद ठेवावी लागते त्या औषधांच्या यादीची. ऑगस्ट २०१३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली, १ मार्च २०१४ पासून नियम लागू झाला. पहिल्या यादीत ४६ औषधं होती. बरीचशी अँटिबायोटिक्स आणि क्षयाची, सोबत अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम अशी सवय लावणारी. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, एवढं वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. स्ट्रिपवर लाल चौकटीत इशाराही असतो, पण इंग्रजीत. आईला वाटायचं, लाल चौकट म्हणजे भारी औषध.

म्हणजे वही पहिल्यापासून लिहायची होती. ती कुणी लिहिली नाही, आणि ज्या दिवशी नियम पाळायचं ठरलं त्याच दिवशी आईची गोळी बंद झाली. मला नियमाचा राग नाही. मालेगावात हीच अल्प्राझोलम 'कुत्ता गोळी' म्हणून विकली जाते, संभाजीनगरात नशेच्या गोळ्यांना 'बटन' म्हणतात. अठरा-वीस वर्षांची पोरं त्यात गेली आहेत. त्यांच्या आयांसाठी ती वही हवीच. आणि साठी ओलांडलेल्या माणसाला ही गोळी वर्षानुवर्षं देऊच नये, त्याने तोल जातो, पडून खुब्याचं हाड मोडतं, विसरायला होतं. दोन वर्षांपूर्वी आई मोरीत पडली तेव्हा आम्ही फरशीला दोष दिला होता.

पण दार लावताना आत कोण उरलंय ते बघायला नको का? आमच्या सीमेपलीकडे, तेलंगणात निजामाबादकडे, शिंदीत अल्प्राझोलम आणि डायझेपाम मिसळतात. २०१५ मध्ये तिकडे भेसळीवर कडक कारवाई झाली आणि रोज ती शिंदी पिणारी माणसं थरथरत, भ्रमिष्ट होऊन, फिट येऊन दवाखान्यात भरती झाली. भेसळ थांबवणं बरोबरच होतं, पण सवय लागलेल्या शरीरांचा विचार आधी कुणी केला नव्हता. बाटलीतून लागो की चिठ्ठीवरून, शरीराला कायदा कळत नाही.

मला फार मोठं काही मागायचं नाही. मेडिकलवाल्यांनी 'नाही' म्हणताना 'एकदम बंद करू नका, आजच डॉक्टरांना गाठा' हे एक वाक्य सांगायला हवं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस असा हवा, जिथे बसून कुणी गोळी हळूहळू कशी उतरवायची ते लिहून देईल. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार मानसिक आजार असलेल्या शंभरातल्या, आजारागणिक, सत्तर ते ब्याण्णव जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आई तर पोचलेल्यांतली होती. पंधरा दिवसांची चिठ्ठी, एवढाच तिच्यापर्यंत पोचलेला उपचार.

डॉक्टरांनी आधी पूर्ण गोळी पुन्हा सुरू केली. दुसऱ्या रात्री ती सहा तास झोपली. आता दर तीन आठवड्यांनी पाव-पाव कमी करायची, शेवटचा पाव आणखी सावकाश, आणि मध्ये त्रास झाला तर तिथेच थांबायचं. सहा महिने लागतील म्हणाले, जास्तही लागतील. नवीन चिठ्ठी घेऊन आम्ही दोघी मेडिकलमध्ये गेलो. त्यांनी वही काढली. आईने स्वतः आपलं पूर्ण नाव सांगितलं, बाबांच्या नावासकट, सावकाश, त्यांना लिहिता येईल असं.

आज पहिला पाव काढला. ब्लेडने कापताना माझाच हात हलला आणि तुकडा थोडा भुगा झाला. आई बाजूला बसून बघत होती. भुगा कागदावर गोळा करून तिने पुडी बांधली आणि डबीत ठेवू लागली.

"टाकून देऊ ना?" मी विचारलं.

"राहू दे आजच्या दिवस," म्हणाली, आणि पाऊण गोळी जिभेवर ठेवून तांब्या एका हाताने उचलला.