स्टिक राहू दे, कीबोर्ड बरा हाय!

आज राजारामपुरीत मित्राकडं ‘स्ट्रीट फायटर ६’ या मारामारीच्या व्हिडिओ गेमचा फड रंगला. त्याच्याकडं नवीकोरी आर्केड स्टिक (दांडा आणि बटणांचा कंट्रोलर), माझा आपला कीबोर्ड. ‘टायपिंगची परीक्षा हाय काय भावा?’ म्हणून सगळ्यांनी खेचली. पण हादोकेनला (हातातनं ऊर्जेचा गोळा फेकायचा डाव) खाली, खाली-पुढं, पुढं आणि पंच, एवढंच लागतंय. खालीसाठी एस दाबायचं, ते न सोडता पुढंसाठी डी, मग एस सोडून पंच. बोटं जागची हलत नाहीत, स्टिकवाला मात्र मनगट फिरवत बसतो.

खोट एकच. स्वस्तातल्या कीबोर्डवर तीन-चार बटणं एकदम दाबली की एखादं गिळतंय. ओव्हरड्राइव्ह मूव्हला (नेहमीच्या डावाचं जोरकस रूप) दोन पंच एकदम लागतात, नेमकं तिथंच घात!

बाकी मोठ्या स्पर्धांतबी आता बिनदांड्याचे, नुसत्या बटणांचे कंट्रोलर सर्रास दिसतात. कीबोर्डचेच महागडे भाऊबंद ते. मिसळ स्टिकवाल्याकडून वसूल केली, कट डबल घेऊन.