धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं डिझाइन करताना: माझा अनुभव

काम सांगायला एका ओळीचं होतं. किनाऱ्याचा एक पट्टा दरवर्षी मागे सरकतोय, उधाणाच्या भरतीला पाणी रस्त्यावर येतं, तर दगडी बंधाऱ्याचं डिझाइन करून द्या. म्हणजे उत्तर ठरलेलंच होतं, आमच्याकडून फक्त आकडे हवे होते. तरी मी आधी वाळूचा हिशेब मांडायला घेतला.

लाटा किनाऱ्यावर तिरक्या येतात आणि वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने पुढे सरकवत राहतात. जुने सर्व्हे आणि उपग्रहाची चित्रं एकावर एक ठेवली, तर थोड्या अंतरावर असलेल्या एका जेटीच्या अलीकडे पुळण रुंद होत गेलेली आणि पलीकडे आमचा पट्टा झिजत गेलेला. वाळू जेटीपाशी अडत होती. अशा ठिकाणी भिंत बांधली की रस्ता वाचतो, पुळण वाचत नाही. उलट परतणाऱ्या लाटा पायथ्याची वाळू आणखी उकरतात.

मग पर्याय मांडले. ग्रोइन, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्रात आडवे काढलेले बांध, टाकले की आपल्याकडे वाळू साठते आणि शेजारच्या पट्ट्याची धूप सुरू होते, त्यामुळे तो लगेच बाद. बैठकीत कुणीतरी खारफुटी सुचवलीच. पण तिला चिखल आणि शांत पाणी लागतं, उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर रोपं पहिल्याच वादळात जातात. राहिली वाळूभरणी. नेदरलँड्समध्ये 1990 पासून किनारारेषा राखायचं धोरणच आहे आणि मुख्य भर वाळूवर आहे. 2011 मध्ये त्यांनी ‘सँड मोटर’ म्हणून 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळू एकाच ठिकाणी टाकली आणि ती पसरवायचं काम लाटा-वाऱ्यावर सोपवलं. आमचा आवाका त्या मानाने चिमूटभर, पण तत्त्व तेच. शेवटी मिश्र आराखडा ठरला: रस्त्यालगत बंधारा, त्याच्यापुढे वाळूभरणी आणि जेटीपाशी अडलेली वाळू ठरावीक काळाने उचलून पलीकडे टाकणं.

डिझाइनसाठी शंभर वर्षांतून एकदा येणारं वादळ धरलं. “म्हणजे शंभर वर्षं निर्धास्त?” एका साहेबांनी विचारलं. फळ्यावर गणित मांडून दाखवलं. दरवर्षी 1 टक्का शक्यता, म्हणजे 50 वर्षांत असं वादळ एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास 39 टक्के. त्यानंतर बराच वेळ कुणी ‘निर्धास्त’ म्हणालं नाही.

खरी गंमत दगडाच्या वजनात आहे. हडसनच्या सूत्रात वजन लाटेच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढतं. उथळ पाण्यात लाट किती उंच येईल हे खोलीवर ठरतं, ढोबळमानाने खोलीच्या 0.78 पट, त्याहून मोठी लाट आधीच फुटते. बंधाऱ्यासमोर पुळण शाबूत असेल तर आमच्याकडे 3 मीटरची लाट येत होती आणि 1:2 उताराला साधारण साडेचार टनांचा दगड पुरत होता. समोरची वाळू जेमतेम सव्वा मीटर खाली गेली की तीच लाट 4 मीटरची होते आणि दगड साडेदहा टनांच्या पुढे जातो. एवढे मोठे दगड खाणीतून अखंड निघणं अवघड. उतार 1:3 केला तेव्हा वजन 7 टनांवर आलं. बंधाऱ्याने जागा जास्त खाल्ली, दगडही जास्त लागला. समुद्राची पातळी वाढते तेव्हाही हेच होतं: पाणी खोल, लाट मोठी, दगड जड.

आकडे कागदावर जुळले तरी फ्ल्यूममध्ये चाचणी घेतल्याशिवाय माझं समाधान होत नाही. लांबलचक काचेचं टाकं, एका टोकाला लाटा उठवणारी फळी. प्रतिकृती 1:25 ची, म्हणून 7 टनांचा दगड तिथे साधारण 450 ग्रॅमचा. एकेक दगड तराजूवर तोलला, रंगवला आणि रंगाच्या आडव्या पट्ट्यांत रचला, म्हणजे हललेला दगड कुठून निघाला ते लगेच दिसतं. वेळेचं माप पाचपट आखडतं, त्यामुळे 3 तासांचं वादळ 36 मिनिटांत आटोपतं. मोठ्या लाटांचा घोळका आला की टाक्याशी उभे असलेले सगळे गप्प. वरच्या पट्ट्या हलल्या नाहीत. पायथ्याचे निळे दगड मात्र एकेक करून निसटायला लागले, आणि पायथा गेला की वरचा थर घसरायला वेळ लागत नाही. पायथा रुंद केला, खोल नेला, पुन्हा चाचणी घेतली. तेव्हा निळी पट्टी जागेवर राहिली. माथ्यावरून उसळून मागे पडणारं पाणी ट्रेमध्ये मोजलं, तेही मर्यादेत होतं.

दगडांखालच्या गाळणीच्या थरावर बैठकीत कुणी एकही प्रश्न विचारला नाही. खालची माती धुपून दगडांच्या फटीतून निघून गेली तर बंधारा लाटेचा मार न खाताच खचतो, म्हणून पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइलचं कापड आणि त्यावर लहान दगडांचा थर, दोन्हींचे तपशील नकाशात मोठ्या मापात काढून दिले.

मंजुरी दोन तुकड्यांत आली. बंधारा लगेच, वाळू ‘पुढील टप्प्यात’. बांधकामाला पैसे एकदाच मागावे लागतात, वाळूला दर काही वर्षांनी. हे होणार याचा अंदाज होताच. म्हणून दगडाचं वजन आणि पायथ्याची खोली दोन्ही पुळण गेलेली आहे असं धरूनच काढली होती. अहवालात एक अटही घातली होती: दर वादळी मोसमानंतर पायथ्यापुढच्या वाळूची पातळी मोजायची, आणि ती ठरवलेल्या रेषेखाली गेली तर वाळूभरणी थांबवून ठेवायची नाही. ती अट तेवढी मंजूर मसुद्यात जशीच्या तशी राहिली.