आमची वाटचाल : बारा मिलीसेकंदांचा शब्द

२००९ साली नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर मी आणि माझा मेहुणा, आम्ही दोघांनी काम सुरू केलं. कॅमेरे बसवायचे, लॅनची केबल ओढायची, डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणारं यंत्र, बंद पडला की सातपूर नाहीतर सिन्नर गाठायचं. पहिली काही वर्षं यातच गेली. पोट भरत होतं, एवढंच.

वळण मिळालं ते एका तक्रारीमुळे. सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही इंटरनेटवर चालणारे सहा फोन बसवले होते. दिवसभर ठीक चालायचे, पण संध्याकाळचे सहा वाजले की आवाज तुटायचा. मालक म्हणाले, "अहो, पुण्याच्या माणसाला एकच गोष्ट तीनदा विचारावी लागते." आम्ही स्पीड वाढवायला सांगितलं. त्यांनी विश्वासाने १ एमबीपीएसची लाइन २ ची करून घेतली. दुसऱ्या दिवशी सहा वाजता फोन आलाच. आपल्या सल्ल्यावर कुणाचे पैसे वाया गेले, याची टोचणी मला आजही आहे.

मग एक संध्याकाळ मी तिथेच लॅपटॉप घेऊन बसलो. दुपारी पिंगला, म्हणजे लाइन तपासायला पाठवलेल्या छोट्या संदेशाला, उत्तर यायला ३० मिलीसेकंद लागत होते. सहानंतर हजाराच्या वर. त्याच वेळी डीव्हीआर दिवसभराचं चित्रीकरण पुण्याच्या ऑफिसला चढवायला लागायचा. मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे पुढे जायच्या आधी डेटा जिथे थांबतो त्या जागेत, साधारण २५६ केबी माल मावत होता. अपलोड २ एमबीपीएस, म्हणजे भरलेला बफर रिकामा व्हायला एक सेकंद. आवाजाचं इवलंसं पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, त्या रांगेच्या शेपटाला उभं. १ एमबीपीएसला तेच दोन सेकंद थांबत होतं. बोलणं सहज व्हायचं तर एका बाजूचा विलंब १५० मिलीसेकंदांच्या आत हवा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. दोनाचा एक सेकंद करून आम्ही काय मिळवलं होतं?

उपाय वरवर उलटा वाटतो. लाइनच्या तोंडाशी आम्ही लिनक्स या मोफत संगणक प्रणालीवर चालणारा एक छोटा डबा लावला आणि त्यातून माल मुद्दाम १.८ एमबीपीएसनेच बाहेर सोडला. त्यामुळे रांग मोडेममध्ये न लागता आमच्या डब्यात लागू लागली, आणि कुणी आधी जायचं हे आमच्या हाती आलं. आवाजाला पहिला मान दिला. फोन सुधारले.

पण ग्राहकाच्या आग्रहाखातर आम्ही थेट कॅमेऱ्याचं चित्रही त्याच मानाच्या रांगेत घातलं, आणि ऑर्डरचं सॉफ्टवेअर उघडेना. मानाच्या रांगेतून किती जाणार याला बंधन नसेल, तर बाकीच्यांची उपासमार होते.

हे नीट शिकायचं म्हणून ओळखीच्या एका प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी जुने शोधनिबंध काढून दिले. १९८९ मध्ये डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी प्रत्येक प्रवाहाला, म्हणजे एका कॉलच्या किंवा एका फाइलच्या पॅकेटांना, स्वतंत्र रांग देऊन वजनाप्रमाणे वाटा देण्याची पद्धत मांडली. १९९३ मध्ये अभय पारेख आणि रॉबर्ट गॅलेजर यांनी दाखवून दिलं, की प्रवाहाने एका दमात किती आणि सरासरी कोणत्या वेगाने पाठवायचं हे आधी बांधून घेतलं, आणि तेवढा वाटा त्याच्यासाठी राखला, तर जास्तीत जास्त विलंब किती होईल हे गणिताने सांगता येतं. गणितातलं सगळं मला कळलं नाही. पण हमी ही दोन्ही बाजूंनी पाळायची गोष्ट आहे, हे पक्कं कळलं.

मग आम्ही त्या कारखान्याचा हिशेब मांडला. एका कॉलचं पॅकेट हेडरसकट, म्हणजे वरच्या पत्त्याच्या चिठ्ठीसकट, २०० बाइटचं, दर २० मिलीसेकंदांना एक. कॉल जास्तीत जास्त सहा, सातवा घ्यायचाच नाही. सगळ्यात वाईट वेळ कोणती? सहाही पॅकेटं एकदम आली आणि नेमकं त्याआधी डीव्हीआरचं १५०० बाइटचं पॅकेट तारेवर चढलं. आमच्याकडे अरुंद पुलावर कांद्याची ट्रॉली चढली की ती मागे घेता येत नाही, तसंच. १.८ एमबीपीएसने ते उतरायला ६.७ मिलीसेकंद, सहा पॅकेटं जायला ५.३. एकूण १२. आमच्या डब्यातून बाहेर पडायला आवाजाला याहून जास्त वेळ लागणार नाही, असं लेटरहेडवर लिहून सही करून दिलं. तो कागद घेऊनच पुढची कामं मिळाली.

काही सोडलीही. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष निर्यातदारांना हंगामात नेदरलँड्सच्या खरेदीदाराशी व्हिडिओवर बोलायचं असायचं, आणि तिथपर्यंतची हमी लेखी हवी होती. मी नाही म्हणालो. फायबरमधून प्रकाशाला दर हजार किलोमीटरला ५ मिलीसेकंद लागतात. इथून तिकडे सरळ रेषेत साडेसहा हजारांच्या वर अंतर. तो विलंब कुणालाच कमी करता येत नाही. आणि वाटेतल्या ज्या राउटरांवर आमचा हात नाही, तिथल्या रांगांबद्दल शब्द कसा द्यायचा? काम दुसऱ्याकडे गेलं. पुन्हा कुणी विचारलं तरी माझं उत्तर तेच असेल.

फायबर घरोघर आल्यावर लोक विचारू लागले, आता तुमच्या डब्याची गरज काय? प्रश्न रास्त आहे. १०० एमबीपीएसला १५०० बाइटचं पॅकेट ०.१२ मिलीसेकंदात जातं. पुष्कळ ठिकाणी मी स्वतःच सांगतो, काही घेऊ नका. पण बॅकअप सुरू झाला की अपलोड १०० चंही भरतं, वायफायमध्ये तर रांगा लागतातच. तिथे आम्ही एफक्यू-कोडेल लावतो. ते प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतं आणि पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं हे बघून गर्दी हटवतं. २०१२ पासून ते लिनक्समध्येच आहे, त्याचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही. मात्र यात विलंब बहुतेक वेळा कमी राहतो, लेखी आकडा देता येत नाही. हा फरक आम्ही कोटेशनमध्येच लिहितो.

आज आम्ही सात जण आहोत. नवीन मुलगा आला की पहिल्या आठवड्यात त्याच्या हाती पक्कड देत नाही. दोन लॅपटॉप देतो, एकावर मोठी फाइल चढवायला लावतो, दुसऱ्यावर पिंग बघायला लावतो. सध्या सातपूरला अठरा फोनचं काम चालू आहे. हिशेब कागदावर जमलाय, पण सही अजून केलेली नाही. आधी अठराही फोन एकदम उचलून, बॅकअप सुरू ठेवून मोजायचंय.