कुंभार्ली घाट, बंद पडणारे इंजिन आणि विनाकारण बदललेला पंप

उंब्रज, पाटण, कोयनानगर या रस्त्याने गुहागरला जाताना पाटणच्या पुढे चालत्या गाडीचे इंजिन अचानक बंद पडले आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरूही झाले. चिपळूणच्या एका गॅरेजमध्ये हे सांगताच तेथील मिस्त्रींनी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) न लावता ‘पेट्रोलचा पंप गेला’ असा निर्वाळा दिला आणि ९,४०० रुपये घेतले. गुहागरचे दोन दिवस चांगले गेले.

परतताना पोफळी सोडून घाट चढू लागलो, तेव्हा ऐन वळणावर, मागे भरलेला ट्रक असताना, आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा, काटा एका क्षणात शून्यावर आला. काटा असा कोसळणे हीच खरी खूण होती आणि पाटणलाही ती माझ्या डोळ्यांदेखत घडली होती. पंप दमला असता, तर बहुधा गाडीने आधी आचके दिले असते आणि चढावर तिची ओढ कमी झाली असती. येथे चावी फिरवताच मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंदांची घरघर स्पष्ट ऐकू येत होती, स्टार्टरही जोमाने फिरत होता, परंतु काटा जागचा हलत नव्हता. क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे फिरणे टिपणारा, सेन्सर तापला की मुका होत होता. त्याचा संकेत थांबला की ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) इंधन आणि ठिणगी दोन्ही तोडतो, आणि सेन्सर निवला की गाडी काहीच घडले नसल्यासारखी सुरू होते.

घाटात इंजिन गेल्यास चावी पूर्ण मागे फिरवू नये, कारण स्टीअरिंग लॉक होऊ शकते. ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच घट्ट दाबून धरावा. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला जोर दोन-तीन दाबांतच संपतो. चाकामागे दगड लावून, बॉनेट उघडून गाडी निवू द्यावी. मला पाऊण तास लागला.

कराडला स्कॅनरवर पी०३३५ हा याच सेन्सरच्या बिघाडाचा कोड आला आणि १,१५० रुपयांच्या सेन्सरने काम झाले. कोड आला नाही म्हणून सेन्सर निर्दोष मानू नये. असा अधूनमधून होणारा बिघाड नोंदला जातोच असे नाही. जुना पंप मी पिशवीत घालून डिकीत ठेवला होता. तो बॅटरीला क्षणभर जोडताच ठणठणीत फिरला. पैसे परत मागायला चिपळूणला गेलो नाही, कारण तो घाट पुन्हा उतरण्याचे त्राण उरले नव्हते.