बोंडवाच्या हंगामातले माझे दोन महिने

अन्नतंत्रज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला इनप्लांट ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कारखान्यात काम करून शिकणं, करावं लागतं. वर्गातले बरेच जण नाशिकला द्राक्षांच्या वाईनरीत गेले. मला आमच्याच जिल्ह्यात, वेंगुर्ला तालुक्यात, काजूच्या बोंडवाची (बीला लागून असतं त्या रसाळ फळाची) वाईन करणाऱ्या एका लहान युनिटमध्ये जागा मिळाली आणि मी ती आनंदाने घेतली. आजोळच्या बागेत मी लहानपणापासून एकच बघत आले होते: बी पिळून घ्यायची आणि बोंडू झाडाखाली टाकून द्यायचा. बीच्या सातआठ पट वजनाचं फळ! मार्च-एप्रिलमध्ये बागेत शिरलं की आंबूस गोड वास आणि चिलटांचे थवे. गुरं खातील तेवढं खात, बाकीचं मातीत जायचं. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला पोचले तेव्हा क्रेट उतरत होते. वेंगुर्ला-४ या काजूच्या जातीचे लाल, वेंगुर्ला-७ चे पिवळे बोंडू. मला वाटलं होतं लॅबमध्ये बसवतील. बसवलं बी काढायला. बी देठासारखी पिळून सोडवायची, नाहीतर बोंडू फाटतो आणि रस तिथेच वाहून जातो. टरफलातलं तेल बोटांना लागलं की कातडी सोलते, म्हणून आधी हाताला खोबरेल चोळायचं. हे मला तिथे कामाला येणाऱ्या काकींनी शिकवलं. त्यांची चाळीस वर्षं काजूच्या बागांत गेली. त्या प्रत्येक बोंडू नाकाशी नेऊन मगच टोपलीत टाकायच्या. मी विचारलं तर एक माझ्या हातात दिला. दिसायला चांगला, पिवळाधमक.

‘‘बाय, ह्यो बघ, देठाकडे मऊ पडलो. ह्येचो वास घे. ह्यो आता चलाचो नाय.’’

मी वास घेतला. गोडव्याच्या मागे एक बारीक चुरचुरीत आंबटपणा. आमच्या पुस्तकात याला ॲसेटिक आम्ल म्हणतात. काकींच्या नाकाला ते पुस्तकाआधी कळत होतं. त्यानंतर दोन महिने मी तेच करत राहिले.

द्राक्षापेक्षा बोंडू वेगळा का, ते इथे सांगते. नाशिकच्या मैत्रिणीशी रोज फोनवर बोलणं व्हायचं. तिकडे द्राक्षं वेलीवरच २२-२४ ब्रिक्सपर्यंत (म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण तितके ग्रॅम साखर) गोड होतात. तोडणी पहाटे करतात, म्हणजे घड थंड राहतात. बोंडवात साखर १०-१२ ब्रिक्स. सालीचं पाहिजे तसं संरक्षण नाही, सकाळी पडलेलं फळ संध्याकाळपर्यंत आंबायला लागतं. आणि तुरटपणा! टॅनिन इतकं की रस चाखला की जीभ टाळूला चिकटते. तो रस कपड्यावर पडला की डाग कधीच जात नाही. माझा एक पांढरा कुर्ता तिथेच राहिला. लोखंडाचं पातं लागलं तर रस काळा पडतो, म्हणून सगळं स्टीलचं.

प्रेसमधून १०० किलो बोंडवाचा साधारण ६०-६५ लिटर रस निघायचा. तुरटपणा काढायला साबुदाण्याची पातळ पेज करून रसात घालायची. पेजेतला स्टार्च टॅनिनला धरून खाली बसतो आणि वर नितळ, फिकट सोनेरी रस राहतो. भाताच्या पेजेनेही हे होतं. मला ही गोष्ट फार आवडली, आपल्या घरातली पेज टाकीत काम करत होती. मग साखर घालून रस २२ ब्रिक्सपर्यंत न्यायचा, केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, नको ते जंतू रोखणारी पूड) टाकून एक दिवस थांबायचं आणि कोमट पाण्यात जागं केलेलं यीस्ट सोडायचं. दर लिटरला १७ ग्रॅम साखर म्हणजे सुमारे एक टक्का अल्कोहोल, हा हिशेब मला तिथे पाठ झाला. आंबवण सुरू झाली की रिफ्रॅक्टोमीटर या साखर मोजायच्या उपकरणाचं वाचन फसवं होतं, कारण अल्कोहोल मध्ये येतं. मग रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर, साखर संपत जाते तसं त्याचं वाचन उतरतं. रोज तीनदा वाचन, तापमान आणि टाकीचा हिशेब रजिस्टरला. उत्पादन शुल्क विभागाचं रजिस्टर एक दिवसही अर्धवट ठेवायचं नाही, हे मालक भाऊंनी पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं.

बाकी बहुतेक वेळ धुण्यात गेला. टाकी, पाइप, प्रेस, फरशी. कॉस्टिक सोडा, पाणी, सायट्रिक ॲसिड, पुन्हा पाणी. त्यावर जास्त लिहीत नाही, पण एक नियम लिहिलाच पाहिजे: टाकीत एकट्याने वाकायचं नाही. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो आणि दिसत नाही. टाकी रिकामी केली तरी पंखा लावून वारा खेळवल्याशिवाय आत उतरायचं नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ती रात्र आली. दोन नंबरच्या ५०० लिटरच्या टाकीत आंबवण जोरात होती, एअरलॉकमध्ये, म्हणजे आतला वायू पाण्यातून बाहेर सोडणाऱ्या झडपेत, बुडबुडे सतत फुटत होते. संध्याकाळी सातला वीज गेली आणि टाकी थंड ठेवणारा चिलर बंद पडला. आंबवण स्वतःच उष्णता सोडते, बाहेर एप्रिलची उकाड्याची रात्र. दहाला ३३ अंश, बाराला ३६. मी, भाऊ आणि दोन कामगार विहिरीचं पाणी काढून गोणपाट भिजवत होतो आणि टाकीभोवती गुंडाळत होतो. पंधरा मिनिटांत गोणपाट गरम होई. दोनला ३८ अंश. त्यानंतर बुडबुडे मंदावत गेले. आवाजाने कळत होतं. पहाटे चारला टाकीला कान लावला तर काहीच नव्हतं.

वीज सकाळी आठला आली. हायड्रोमीटर १.०३० वर थांबला होता. साखर शिल्लक, यीस्ट निपचित. मला रडू आलं. त्या टाकीतल्या बोंडवातला एकेक मी नाकाशी नेला होता. भाऊ म्हणाले, ‘‘रडू नको, आधी तापमान २८ वर आण.’’

दोन दिवस आम्ही नवं यीस्ट थोड्या रसात वाढवलं, त्यात थांबलेल्या टाकीतला द्रव दर चार तासांनी थोडा थोडा मिसळत गेलो, म्हणजे त्याला अल्कोहोलची सवय व्हावी. एकदम ओतलं असतं तर नवं यीस्टही मेलं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी एअरलॉकमध्ये एक बुडबुडा आला. मी समोरच बसून होते. दुसरा यायला जवळजवळ मिनिट लागलं. मग नियमित यायला लागले.

त्या टाकीला इतरांपेक्षा आठवडा जास्त लागला. मेच्या मध्याला ढग भरून आले, बागांतला हंगाम संपत आला आणि हायड्रोमीटर ०.९९६ वर स्थिर झाला. गाळ खाली बसल्यावर वरची वाईन दुसऱ्या टाकीत काढली. भाऊंनी ग्लास भरून काकींसमोर धरला. काकी कधीच पीत नाहीत. त्यांनी ग्लास हातात घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

‘‘बोंडवाचो वास रवलो हा,’’ त्या म्हणाल्या आणि ग्लास माझ्या हातात दिला.