मेलची गाळणी, नोंद तिसरी: ‘नाही’ आणि ‘सांगत नाही’

मागच्या नोंदीपर्यंत पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी पत्ता तपासून मेल अडवायचं काम झालं होतं. महिनाभर बरं चाललं. मग आईच्या मेलबॉक्समध्ये ‘तुमचं पार्सल अडकलंय’ छापाचे मेल पुन्हा यायला लागले, आणि या वेळी ते सगळे स्वच्छ पत्त्यांवरून येत होते. कुणाचं तरी चोरलेलं खातं, नावाजलेल्या मेल कंपनीचा सर्व्हर. तो अडवला तर स्पॅमबरोबर निम्मं गाव अडतं.

म्हणून या खेपेला मेलच्या आतल्या लिंका. पाठवणारा पत्ता बदलेल, विषय बदलेल, पण शेवटी त्याला तुम्हाला कुठेतरी न्यायचंच असतं, आणि त्या ‘कुठेतरी’ला डोमेन लागतं. २००४ मध्ये जेफ चॅन यांनी सर्बल नावाची बदनाम डोमेनांची यादी सुरू केली ती याच विचारावर. मेलला गुण देऊन स्पॅम ओळखणाऱ्या स्पॅमअसॅसिन या प्रोग्रामच्या त्याच वर्षी आलेल्या ३.० आवृत्तीत लिंका तपासायची सोय आली. पुढे यूआरआयबीएल ही तशीच यादी आली, २०१० मध्ये स्पॅमहाउस या संस्थेची डीबीएल आली.

नव्यांसाठी: माझ्याकडे रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर (पुढे नुसतं ‘पाय’) मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळणारं डव्हकॉट आणि स्पॅमअसॅसिन आहे, घरच्या डोमेनवर सात मेलबॉक्स. लिंका तपासणं स्पॅमअसॅसिन स्वतः करतं, हे मला ठाऊक आहे. पण विकतच्या भाजणीच्या चकल्या चांगल्या झाल्या तरी भाजणीत काय आहे ते कळत नाही. म्हणून त्यातली लिंक-तपासणी बंद केली आणि पायथनमध्ये स्वतःची लिहायला घेतली.

यादीला प्रश्न विचारायची रीत फार सोपी आहे. लिंकमधलं डोमेन घ्यायचं, त्यापुढे यादीचं नाव जोडायचं आणि डीएनएसला, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेला, त्या लांबलचक नावाचा पत्ता विचारायचा. आयपी पत्त्यांच्या यादीत आकडे उलटे करून विचारावे लागतात, इथे नाव सरळच जातं. यादीत नसेल तर ‘असं नाव नाही’ असं उत्तर येतं. असेल तर १२७ ने सुरू होणारा एक खोटा पत्ता येतो, आणि खरी माहिती त्यातच दडलेली असते. डीबीएलकडून १२७.०.१.२ आलं तर स्पॅमचं डोमेन, शेवटी ४ असेल तर फसवणुकीचं, ५ म्हणजे मालवेअर, ६ म्हणजे बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या संगणकांची टोळी) चालवणारं. १०२ पासून पुढचे आकडे वेगळे: साइट मूळची चांगली, पण कुणीतरी आत घुसून वापरतंय. सर्बल आणि यूआरआयबीएल बेरजेत बोलतात. सर्बलमध्ये ८ म्हणजे फसवणूक, १६ म्हणजे मालवेअर, त्यामुळे शेवटी २४ आलं की दोन्ही. एका प्रश्नात सगळ्या उपयाद्या पाहून होतात.

एवढं वाचून मला वाटलं, शनिवारी दुपारी बसलो की चहापर्यंत होईल.

चहापर्यंत फक्त लिंका बाहेर काढता येत नाहीत एवढं कळलं. मी मेलचा कच्चा मजकूर घेऊन त्यात लिंकांचा नमुना शोधत होतो. निम्म्या लिंका तुटलेल्या निघत. कारण मेलचा मजकूर पाठवायच्या ‘कोटेड-प्रिंटेबल’ प्रकारात ओळ ७६ अक्षरांच्या आत ठेवतात, लांब ओळ बरोबरच्या चिन्हाने तोडून खाली नेतात. माझा नमुना तिथेच थांबायचा, आणि यादीला डोमेनचं अर्धंच नाव जायचं. काही मेल तर पूर्ण बेस६४ या सांकेतिक अक्षरांच्या प्रकारात, त्यात शोधून काहीच सापडत नव्हतं. आता आधी पायथनच्या ईमेल लायब्ररीकडून प्रत्येक भाग उलगडून घेतो, मग एचटीएमएल नीट वाचून लिंकेचं खरं ठिकाण काढतो. डोळ्यांना दिसणारा मजकूर निराळा आणि मागची लिंक निराळी, हा तर यांचा आवडता खेळ.

पुढची चूक जास्त लाजिरवाणी. डोमेन कापताना मी ‘शेवटचे दोन तुकडे’ घेत होतो. डॉट कॉमला ते चालतं. पण आपल्याकडे ढिगाने डोमेनं ‘को डॉट इन’वर संपतात, आणि त्या प्रत्येकासाठी मी यादीला विचारत होतो, ‘को डॉट इन बदनाम आहे का हो?’ यादी बिचारी दर वेळी नाही म्हणायची. घराचा पत्ता विचारायच्या ऐवजी ‘जिल्हा पुणे’ कुठे आहे असं विचारत फिरल्यासारखं. यावर उपाय म्हणजे मोझिलाने सुरू केलेली पब्लिक सफिक्स लिस्ट. कुठल्या शेपटीखाली लोकांना स्वतंत्र नाव मिळतं ते तिच्यात लिहिलेलं आहे. फुकट पानं देणाऱ्या काही सेवांच्या शेपट्याही तिच्यात आहेत, म्हणून तिथे एक तुकडा जास्त घेऊन विचारता येतं. त्या सेवेचं मुख्य डोमेन कुठलीही शहाणी यादी काळ्यात टाकणार नाही, पण त्याखालचं एखादं पान नक्की टाकेल.

आता या नोंदीचं खरं कारण.

तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी सकाळी आईचा फोन आला. ‘अरे, मला कालपासून कुणाचाच मेल नाही. तुमच्या त्या यंत्राने उपास धरलाय का?’ बघतो तर आईचे, दादाचे, सगळ्यांचे मेल स्पॅममध्ये. विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, पुतणीच्या शाळेचं वेळापत्रक. सगळ्यांपुढे कारण एकच: डीबीएलने पकडलं.

शनिवारी रात्री वीज गेली होती. वीज आल्यावर पाय पुन्हा सुरू झाला आणि डीएनएस कुणाला विचारायचं हे त्याने राउटरकडून नव्याने घेतलं. राउटर पुढे एका मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरला, म्हणजे सगळ्यांसाठी डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरला, विचारतो. स्पॅमहाउसची फुकट सेवा अशा रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या प्रश्नांना उत्तर देत नाही, कारण लाखो लोकांचे प्रश्न एकाच दारातून येतात आणि कोण किती विचारतंय ते कळत नाही. त्यामुळे उत्तर आलं १२७.२५५.२५५.२५४. त्याचा अर्थ ‘या वाटेने विचारू नका’. माझ्या कोडमध्ये मात्र एकच ओळ होती: काहीही उत्तर आलं तर मेलचे स्पॅमचे गुण वाढव. सोसायटीची नोटीसही गुन्हेगार.

इथवरची चूक पुष्कळांनी केलेली असेल. मला जास्त टोचली ती दुसरी बाजू. त्याच दोन दिवसांत यूआरआयबीएलने मला एकही मेल पकडून दिला नव्हता. तीही नकारच देत होती, पण तिचा नकार १२७.०.०.१ असा येतो. तिच्याकडे काळ्या यादीचा आकडा २, करड्या यादीचा ४, लाल यादीचा ८. माझं कोड हे तीनच आकडे तपासायचं, त्यात १ बसत नाही, म्हणून निकाल ‘स्वच्छ’. बिघाड एकच, आणि एका यादीचा नकार मी ‘चोर’ असा वाचला, दुसरीचा ‘साव’ असा. पहिला दोन दिवसांत आईने पकडून दिला. दुसरा एकटाच झाला असता तर मला वर्षभर पत्ता लागला नसता. स्पॅमअसॅसिन वापरणाऱ्यांनी आपल्या मेलच्या हेडरमध्ये (मजकुराआधीच्या तांत्रिक ओळींत) ‘यूआरआयबीएल ब्लॉक्ड’ असा शेरा आहे का ते आज बघा. त्याला गुण जवळजवळ शून्य असतात, त्यामुळे तो काही बिघडवत नाही आणि कुणी वाचतही नाही.

दुरुस्ती दोन पातळ्यांवर केली. पायवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवला. तो कुणा मधल्याला न विचारता थेट मूळ सर्व्हरांपासून उत्तर काढून आणतो, आणि राउटर काय म्हणतो याकडे आता पाय लक्ष देत नाही. दुसरं, कोडमध्ये उत्तरं दोनाची तीन केली: यादीत आहे, यादीत नाही, आणि कळलं नाही. माझ्या ओळखीचा आकडा असेल तरच ‘आहे’. ‘असं नाव नाही’ असं स्पष्ट आलं तरच ‘नाही’. बाकी सगळं, वेळ संपणंसुद्धा, ‘कळलं नाही’, आणि ते हेडरमध्ये तसंच लिहायचं. लिंकेत डोमेनच्या जागी नुसता आयपी पत्ता असेल तर तो डीबीएलला विचारतच नाही. मी विचारून पाहिला होता, १२७.०.१.२५५ आलं: आयपी विचारायचा नाही. तोही मी आधी गुन्हाच धरला होता, पण तो किस्सा जाऊ द्या.

शिवाय दर तासाला एक क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, दोन प्रश्न विचारतो. डीबीएलटेस्ट डॉट कॉम हे डोमेन चाचणीसाठी मुद्दाम यादीत ठेवलेलं आहे, त्याला ‘आहे’ यायला हवं. आणि ‘इनव्हॅलिड’ या नावाला ‘नाही’ यायला हवं. आरएफसी ५७८२ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात अशा याद्यांसाठी तसा नियमच आहे. दुसरा प्रश्न कशाला, असं दादाने विचारलं. त्याला ओआरडीबीची गोष्ट सांगितली. ती आयपी पत्त्यांची यादी २००६ च्या अखेरीस बंद झाली. तरी लोकांचे सर्व्हर तिला विचारतच राहिले. मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक प्रश्नाला ‘हो, यादीत आहे’ म्हणायला सुरुवात केली, आणि ज्यांनी सेटिंग काढलं नव्हतं त्यांचे सगळे मेल परत जायला लागले. दोनपैकी एक जरी उत्तर चुकलं की माझी स्क्रिप्ट ती यादी बाजूला ठेवते आणि मला कळवते.

लहान केलेल्या लिंकांवर एक शनिवार फुकट गेला. आतलं खरं ठिकाण कळावं म्हणून मी प्रत्येक लिंक उघडून बघणारा तुकडा लिहिला. पुतणीला एका साइटवर लॉगिन करायला एकदाच चालणारी लिंक आली. ती तिने दाबली तर उत्तर, ‘ही लिंक आधीच वापरलेली आहे’. वापरणारा मी. तुकडा त्याच रात्री काढून टाकला. स्पॅमअसॅसिन ४.० मध्ये यासाठी तयार प्लगइन आहे आणि ते फक्त ओळखीच्या लिंक-छोटी-करणाऱ्या सेवांपुरतंच बघतं. इथे विकतची भाजणी घेतली.

याद्यांची खरी मर्यादा वेळेची. पहाटे तीनला मेल येतो, त्यातलं डोमेन आदल्या संध्याकाळी घेतलेलं असतं, आणि त्या क्षणी कुठल्याच यादीला ते माहीत नसतं. सकाळी विचारलं तर तिन्ही याद्या ‘आहे’ म्हणतात. मोठ्या कंपनीला मेल आल्या आल्या निकाल द्यावा लागतो, मला नाही. आई सहाला उठते, चहा झाल्यावर मेल बघते. म्हणून दर वीस मिनिटांनी एक स्क्रिप्ट मेलडिरमध्ये (मेल साठवायच्या फोल्डरात) न वाचलेले, बारा तासांच्या आतले मेल शोधते, त्यांच्या लिंका पुन्हा विचारते, आणि आता सापडलेला मेल स्पॅममध्ये हलवते. वाचलेल्या मेलला हात लावायचा नाही, नाहीतर ‘आत्ता इथे होता’ म्हणून फोन येतो. अनबाउंड ‘असं नाव नाही’ हेसुद्धा काही वेळ लक्षात ठेवतो, त्यामुळे फार घाईने पुन्हा विचारलं तर जुनंच उत्तर मिळतं. या सगळ्या उद्योगात सर्वांत कमी कोड या स्क्रिप्टचं आहे आणि सर्वांत जास्त समाधान तिनेच दिलंय.

गुणांचं थोडक्यात: पाच झाले की स्पॅम. फसवणूक आणि मालवेअरच्या आकड्यांना सरळ सहा. कुणी घुसलेल्या चांगल्या साइटला दोनच, कारण उद्या ती दुरुस्त होईल आणि तिचा मालक कदाचित आपला दुकानदार असेल.

एक घरगुती नियम अजून कच्चा आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर यायला सांगितलं होतं. तेव्हा मेलमध्ये बँकेचं नाव आहे आणि एकही लिंक त्या शेपटीची नाही, तर दीड गुण. कागदावर छान दिसतं. पण बँकांचे जाहिरातीचे मेल क्लिक मोजणाऱ्या भलत्याच डोमेनच्या लिंका घेऊन येतात, आणि दादाचं क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट एकदा चार पूर्णांक आठवर येऊन थांबलं. दीडाचा एक केला आहे.

काल आईला आलेल्या मेलमध्ये लिंक नव्हतीच. वाक्य एक, ‘सोबतचं बिल पाहावे’, आणि पीडीएफमध्ये क्यूआर कोड. माझ्या स्क्रिप्टने शून्य लिंका मोजल्या आणि मेल इनबॉक्समध्ये नेऊन ठेवला. क्यूआर कोड वाचणारं झेडबार उतरवून घेतलंय, पायवर चालतंय. पीडीएफची चित्रं करून त्याला देणं शनिवारी.